बिनपरवान्याची अक्षरे

अजिंठ्याच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, रंगवलेल्या बोधिसत्त्वाच्या अंगावर, एक इंग्रजी नाव खरवडलेले आहे : जॉन स्मिथ. सोबत तारीख आहे, एप्रिल १८१९. कंपनी सरकारच्या मद्रास फौजेतला हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या खोऱ्यात आला, त्याला लेणी दिसली, आणि आत साचलेल्या राडारोड्याच्या ढिगावर उभे राहून त्याने आपले नाव चित्रावर कोरले. तो ढीग पुढे उपसला गेला, म्हणून आज ते नाव माणसाच्या डोक्यापेक्षा उंच दिसते. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम वर्ष उलटले होते. इकडे बोरिवलीजवळच्या कान्हेरीतही, नव्वदाव्या लेण्यात, पाहुण्यांनी आपली नावे कोरून ठेवली आहेत. ती पहलवी लिपीत आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ या सालांतली आहेत, आणि कोरणारे जरथुष्ट्री होते. स्मिथच्या नावाला आपण विध्वंस म्हणतो. कान्हेरीच्या नावांना इतिहासाचे साधन म्हणून जपतो. दोन्हीकडे कृती एकच : पाहुणा आला आणि दुसऱ्याच्या भिंतीवर आपले नाव ठेवून गेला. तरीही आपला निवाडा वेगळा पडतो आणि तो योग्यच आहे, कारण नकळत आपण दोन प्रश्न विचारलेले असतात. त्या अक्षरांखाली काय गाडले गेले? आणि लिहिणाऱ्याला स्वतःची खूण ठेवायला दुसरी जागा होती का? जगभरच्या ग्राफिटीचा आणि रस्त्यावरच्या चित्रकलेचा इतिहास पाहिला, की याच दोन प्रश्नांनी तिचे मोल ठरवावे असे दिसते. कायद्याने आणि बाजाराने मात्र तिसराच प्रश्न पुढे रेटला : परवानगी होती का? या तिसऱ्या प्रश्नाने कलेचे आणि शहरांचेही नुकसान केले आहे, असे माझे म्हणणे आहे.

‘ग्राफिटी’ हा शब्द इटालियन भाषेत ओरखडा काढण्याच्या क्रियेवरून आला. या ओरखड्यांचे सर्वांत मोठे जुने दप्तर पॉम्पेईत सापडते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या शहरात अकरा हजारांहून अधिक भिंतलेख नोंदवले गेले आहेत. त्यांत निवडणुकीतल्या उमेदवारांसाठी कसलेल्या रंगाऱ्यांनी ब्रशने लिहिलेली आवाहने आहेत, आणि टोकदार वस्तूने ओरखडलेले प्रेमाचे, शिवीगाळीचे, हिशेबाचे, ख्यालीखुशालीचे मजकूरही आहेत. इतक्या लोकांचे कंटाळवाणे लिखाण पेलूनही ही भिंत कोसळली कशी नाही, असे नवल करणारा लेख तर तिथे एकाहून अधिक ठिकाणी सापडतो. दरबारी शिलालेखांतून आपल्याला राजे कळतात. या ओरखड्यांतून, त्यांतल्या अशुद्धलेखनासकट, सामान्य माणसाच्या तोंडची लॅटिन कशी होती ते भाषाशास्त्रज्ञांना कळले. श्रीलंकेत सिगिरियाच्या आरसाभिंतीवरही हेच घडले. तिथली रंगवलेली स्त्रीचित्रे पाहायला आलेल्या लोकांनी मुख्यतः आठव्या ते दहाव्या शतकांत गुळगुळीत गिलाव्यावर पद्ये कोरली. सेनारत परणवितान यांनी त्यांतली ६८५ पद्ये वाचून १९५६ साली प्रसिद्ध केली, आणि जुन्या सिंहली काव्याचा मोठा ठेवा हाती आला. लोकांनी ज्या भिंतीवर लिहिले ती चित्रांची भिंत नव्हती. समोरची रिकामी भिंत होती. चित्रे शाबूत राहिली आणि कविताही उरल्या. पहिला प्रश्न किती कळीचा आहे, ते इथे दिसते.

आज जिला ग्राफिटी म्हणतात ती १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियात अंकुरली. तिथे ‘कॉर्नब्रेड’ या टोपणनावाच्या एका कृष्णवर्णीय मुलाने शहरभर आपले नाव लिहायचा सपाटा लावला. थोड्याच काळात न्यूयॉर्कमध्ये ‘टाकी १८३’ ही सही ठिकठिकाणी दिसू लागली. ग्रीक कुटुंबातला हा मुलगा कागदपत्रे पोहोचवण्याचे काम करी, आणि १८३ हा त्याच्या घराच्या रस्त्याचा क्रमांक होता. २१ जुलै १९७१ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच्यावर बातमी छापली आणि त्याला अनुयायांची फौज मिळाली. नाव आणि रस्त्याचा आकडा, म्हणजे माणूस आणि त्याचा पत्ता, एवढाच मजकूर. तो कोणत्या शहरात लिहिला जात होता ते ध्यानात घ्यायला हवे. ब्राँक्समधल्या वस्त्यांच्या छातीवरून महामार्ग गेला होता, हजारो कुटुंबे उठली होती, इमारती जळत होत्या, आणि १९७५ मध्ये महापालिका दिवाळखोरीच्या दारात उभी होती. ज्यांच्या पत्त्याची कोणाला किंमत नव्हती, त्यांची मुले तोच पत्ता शहराला वाचायला लावत होती. चांगदेवांना भेटायला ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली ही आपल्याकडची आख्यायिका. न्यूयॉर्कच्या मुलांना चालती भिंत भुयारी रेल्वेच्या डब्यांत सापडली. ब्राँक्समध्ये रात्री रंगवलेला डबा सकाळी ब्रुकलिनपर्यंत जाऊन सही दाखवून येई. रंगाचा फवारा उडवणारा डबा १९४९ मध्ये अमेरिकेतच निघाला होता. त्याच्या नळीची तोंडे बदलून रेषा जाड-बारीक करण्याची युक्ती या मुलांनी काढली. ‘फेज टू’ने फुगीर अक्षरे घडवली, पुढे बाणांनी एकमेकांत गुंफलेली ‘वाइल्डस्टाइल’ आली. मोडी न शिकलेल्याला मोडीचा कागद जसा नुसत्या वळणांचा वाटतो, तशीच ही अक्षरे बाहेरच्याला वाटत. जाणकाराला मात्र त्या वळणावरून हात ओळखू येई. ली किन्योनेस, डाँडी, लेडी पिंक, फ्यूचुरा २००० ही नावे या शाळेतली. शाळा म्हणण्याचे कारण असे, की इथे उस्ताद होते, शागीर्द होते, दुसऱ्याच्या उत्तम कामावर रंग फासू नये असे संकेत होते, आणि नक्कल करणाऱ्याला मान नव्हता.

शहराचे उत्तर दोन प्रकारचे होते आणि त्यांचे परिणाम वेगवेगळे झाले. १९७२ मध्ये महापौर जॉन लिंडसे यांच्या काळात ग्राफिटीविरोधी कायदा झाला, धरपकड सुरू झाली. गाड्यांवरचा रंग मात्र वाढतच गेला. १९८४ पासून रेल्वे प्रशासनाने वेगळी शिस्त लावली : एकदा साफ केलेला डबा पुन्हा रंगवलेला आढळला, तर तो स्वच्छ झाल्याशिवाय रुळावर सोडायचाच नाही. सही दिसणारच नसेल तर ती करण्यात अर्थ उरला नाही. १२ मे १९८९ रोजी भुयारी रेल्वे ग्राफिटीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. शिक्षेला जे साधले नाही ते साफसफाईने साधले, हा या इतिहासातला महत्त्वाचा धडा आहे. शिक्षेवरच विसंबल्याची किंमत माणसांनी मोजली. सप्टेंबर १९८३ मध्ये मायकल स्टुअर्ट या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला भुयारी स्थानकात भिंतीवर लिहिल्याच्या आरोपावरून पकडण्यात आले. पोलिसांच्या ताब्यात तो बेशुद्ध झाला आणि काही दिवसांनी वारला. खटल्यात सगळे पोलीस निर्दोष सुटले. बोगोटामध्ये ऑगस्ट २०११ मध्ये ग्राफिटी काढणारा सोळा वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. त्यानंतरच्या जनक्षोभामुळे त्या शहराने २०१३ मध्ये धोरण बदलले, कुठे रंगवता येईल आणि कुठे नाही याचे नियम केले, आणि आज त्याच्या भिंती पाहायला जगभरातून लोक जातात.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. १९८२ मध्ये जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी मांडले, की फुटलेली खिडकी दुरुस्त झाली नाही तर बाकीच्याही फुटतात. बारीकसारीक बेशिस्त मोठ्या गुन्ह्याला आवतण देते. भिंतीवरचे खरडणे हे त्या बेशिस्तीचे ठळक उदाहरण मानले गेले. या म्हणण्याला प्रयोगाचा आधारही मिळाला. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात, सायकली लावायच्या गल्लीत, संशोधकांनी सायकलींच्या दांड्यांना पत्रके अडकवली. भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के लोकांनी पत्रक रस्त्यावर टाकले. भिंत खरडलेली असताना ६९ टक्क्यांनी. २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष झटकून टाकण्याजोगा नाही. मात्र प्रयोगाची मांडणी नीट पाहायला हवी. दोन्ही वेळा त्या भिंतीवर ‘इथे ग्राफिटी काढू नये’ अशी पाटी होती. म्हणजे मोजला गेला तो जाहीर नियम डोळ्यांदेखत मोडल्याचा परिणाम. त्यातून एवढेच निघते, की पाळता न येणारे नियम भिंतीभिंतीवर लावणे शहराला परवडत नाही. लोकांनी लिहावे अशी काही भिंत असेल, तर तिथले लेखन नियमभंगाचा संदेश देणार नाही. खिडकीच्या सिद्धांतापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. मोडलेली खिडकी म्हणजे दुर्लक्षाची खूण, असे तो मानतो. सत्तरच्या दशकातल्या ब्राँक्सकडे दुर्लक्ष आधी झाले होते, रंग नंतर आला. खूण पुसल्याने दुर्लक्ष संपले, असे म्हणता येणार नाही.

युरोपात ही कला दुसऱ्या वाटेने आली. मे १९६८ मध्ये पॅरिसच्या भिंती घोषणांनी भरल्या, आणि १९८१ च्या सुमाराला ‘ब्लेक ल रा’ने तिथेच उंदरांचे छाप उमटवायला सुरुवात केली. छाप घरी निवांत कापता येतो आणि रस्त्यावर काही सेकंदांत मारता येतो; रंगकाम बेकायदा असल्यामुळे शोधली गेलेली ही रीत पुढे ब्रिस्टलच्या बँक्सीमुळे जगभर पोहोचली. पण परवानगीचा प्रश्न सर्वांत उघडा पडला तो बर्लिनमध्ये. तिथली भिंत प्रत्यक्ष सीमारेषेच्या किंचित आत, पूर्व जर्मनीच्या जमिनीवर उभी होती. पश्चिमेकडून ती रंगवणारा त्येरी न्वारसारखा चित्रकार दर वेळी दुसऱ्या देशात पाऊल टाकत होता. पश्चिमेची बाजू रंगांनी भरून गेली, आणि पूर्वेची बाजू पांढरी राहिली, कारण तिच्याजवळ जाणाऱ्यावर गोळी चाले. त्या कोऱ्या पांढरेपणाला कोणी सुशोभित शहर म्हणेल का? स्वच्छ भिंत नेहमीच सुव्यवस्थेची खूण असते, हा समज त्या एका भिंतीने खोटा ठरवला. १९९० मध्ये पूर्वेकडच्या उरलेल्या १.३ किलोमीटर लांबीवर २१ देशांतल्या ११८ चित्रकारांनी रीतसर चित्रे काढली आणि ‘ईस्ट साइड गॅलरी’ उभी राहिली. ती मोलाची आहे. तरीही जिवावरच्या जोखमीने काढलेली रेघ आणि आमंत्रणाने काढलेले चित्र यांचा अर्थ एक होत नाही.

परवानगी मिळाली की कला सुरक्षित होते, ही समजूत लॅटिन अमेरिकेने मोडून काढली. मेक्सिकोच्या क्रांतीनंतर, १९२१ मध्ये शिक्षणमंत्री झालेल्या होसे वास्कोन्सेलोस यांनी सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांना दिल्या, आणि रिव्हेरा, ओरोस्को, सिकेरोस यांनी तिथे देशाचा इतिहास मांडला. भिंतीवरच्या आधुनिक कलेचा हा उजळ वारसा परवानगीनेच शक्य झाला, हे मान्य करायला हवे. पण त्याच सिकेरोसने १९३२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रीतसर काम घेऊन, मधोमध क्रुसावर बांधलेला आदिवासी दाखवला, तेव्हा त्या चित्रावर पांढरा रंग चढला; ते जतन होऊन लोकांना पुन्हा दिसायला २०१२ साल उजाडले. रिव्हेराने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरसाठी काढलेल्या चित्रात लेनिन दिसला आणि १९३४ मध्ये ते चित्रच फोडले गेले. चिलीत समाजवादी नेते आयेंदे यांच्या बाजूने भिंती रंगवणाऱ्या ‘रामोना पारा’ पथकाची चित्रे १९७३ च्या लष्करी उठावानंतर पुसली गेली. परवानगी देणाऱ्याचा हात परवानगी काढूनही घेतो. चित्राचे आयुष्य त्याच्या मर्जीवर टांगलेले राहते. उलट सप्टेंबर १९८३ मध्ये, लष्करशाही अजून सत्तेवर असताना, ब्यूनोस आयरेसच्या माणसांनी बेपत्ता केल्या गेलेल्यांच्या माणूसभर उंच आकृत्या कागदावर रेखून भिंतींवर चिकटवल्या. ती परवानगी मागायची तरी कोणाकडे? माणसे नाहीशी करणाऱ्यांकडेच?

ब्राझीलने या प्रश्नाचा निकाल कायद्याने लावायचा प्रयत्न केला. साओ पाउलोमध्ये ‘पिशासाव’ नावाची उभ्या, टोकदार, काळ्या अक्षरांची लेखनरीत आहे. हेवी मेटल संगीताच्या तबकड्यांवरच्या अक्षरांवरून ती घडली, आणि शहराच्या कडेच्या गरीब वस्त्यांतली मुले उंच इमारतींच्या माथ्यापर्यंत चढून ती लिहितात. २०११ च्या कायद्याने मालकाच्या संमतीने काढलेली ग्राफिटी गुन्ह्यातून वगळली आणि पिशासाव गुन्हा ठेवला. त्याआधी, २००७ पासून, याच शहराने रस्त्यावरच्या जाहिरातफलकांवर सरसकट बंदी घातली होती. जगातल्या फार थोड्या शहरांनी एवढी सचोटी दाखवली आहे : नजरेवरचे आक्रमण रोखायचे तर श्रीमंताचेही रोखायचे. दुर्दैवाने २०१७ मध्ये नव्या महापौरांनी एका मोठ्या रस्त्यावरची परवानगीची चित्रेसुद्धा करड्या रंगाखाली बुजवली, आणि टीकेला तोंड द्यावे लागल्यावर ग्राफिटीसाठी कार्यक्रम जाहीर केला. काय सुंदर आणि काय कुरूप हे ठरवण्याचा अधिकार एका कार्यालयाच्या हाती गेला, की असे होणारच.

अरब जगात भिंतीने जे केले त्यापुढे मालमत्तेची भाषा फार तोकडी पडते. २०११ च्या सुरुवातीला सीरियातल्या दरा गावात शाळकरी मुलांनी शाळेच्या भिंतीवर राजवटीविरुद्ध लिहिले. त्यांना पकडून त्यांचा छळ झाला, आईबाप रस्त्यावर आले, आणि देशभर उठाव पेटला. कैरोमध्ये त्याच वर्षी गंझीर या चित्रकाराने पुलाखालच्या भिंतीवर रणगाड्यासमोर डोक्यावर पावांची फळी घेतलेला सायकलस्वार काढला, आणि मोहम्मद महमूद रस्त्यावरच्या भिंती मारल्या गेलेल्यांच्या चेहऱ्यांनी भरून गेल्या. तिथली वर्तमानपत्रे जे छापत नव्हती ते भिंत छापत होती. पुसले की लोक पुन्हा काढत. पुढे २०१६ मध्ये एल सीड या फ्रेंच-ट्युनिशियन कलावंताने कैरोतल्या कचरावेचकांच्या वस्तीत सुमारे पन्नास इमारतींवर मिळून एकच अरबी अक्षररचना रंगवली. ती जवळच्या टेकडीवरून पाहिली तरच अख्खी दिसते. ज्यांच्याकडे शहर नाक मुरडून पाहत होते, त्यांच्या घरांकडे पाहण्यासाठी त्याला टेकडी चढावी लागली. न्यूयॉर्कची रोमन अक्षरकला अशी ठिकठिकाणच्या लिप्यांत उतरली; दिल्लीच्या भिंतींवर ‘डाकू’ने आपली सही देवनागरीत केली, तीही याच प्रवासातली.

एकीकडे हे चालले असताना दुसरीकडे बाजाराने भिंतीची किंमत ओळखली. जाँ-मिशेल बास्किया १९७८ च्या सुमारास मित्रासोबत ‘सेमो’ या नावाने मॅनहॅटनच्या भिंतींवर लिहीत होता. त्याचे १९८२ मधले एक चित्र २०१७ मध्ये ११ कोटी ५ लाख डॉलरला विकले गेले. कीथ हॅरिंगने भुयारी स्थानकांतल्या रिकाम्या जाहिरातचौकटींच्या काळ्या कागदावर खडूने काढलेली चित्रे लोक सोलून नेऊ लागले. ऑक्टोबर २०१८ मध्ये लंडनच्या लिलावात हातोडा पडताच बँक्सीचे ‘फुगा आणि मुलगी’ हे चित्र चौकटीत दडवलेल्या यंत्राने अर्धे कातरले गेले. तीन वर्षांनी ते अर्धवट कातरलेले चित्र १ कोटी ८५ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. इंग्लंडमधल्या क्लॅक्टन गावात २०१४ मध्ये स्थानिक परिषदेने भिंतीवरची कबुतरे वंशद्वेषी असल्याच्या तक्रारीवरून पुसली. ते चित्र बँक्सीचे होते आणि वंशद्वेषावरच टीका करणारे होते हे कळल्यावर, त्याने पुन्हा येऊन चित्र काढले तर आनंदच होईल, असे तिने कळवले. इथे निकष म्हणून परवानगीही उरली नाही, फक्त नावाची किंमत उरली. मायामीत २००९ मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाने गोदामांच्या वस्तीत ‘विनवूड वॉल्स’ उभारल्या. चित्रे पाहायला गर्दी आली, भाडी चढली. बंडाची भाषा जमिनीच्या भावाला वर ढकलू लागली.

हे सर्वांत स्पष्ट ओळखले ते ‘ब्लू’ या इटालियन चित्रकाराने. बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्ग भागातली त्याची दोन प्रचंड चित्रे नव्या घरांच्या विक्रीला शोभा आणणार असे दिसल्यावर डिसेंबर २०१४ मध्ये त्याच्या संमतीने ती काळ्या रंगाने बुजवण्यात आली. मार्च २०१६ मध्ये बोलोन्यात त्याने स्वतःच आपली वीस वर्षांची भित्तिचित्रे करड्या रंगाखाली घातली, कारण रस्त्यावरून काढून आणलेली कामे तिथल्या एका प्रदर्शनात मांडली जाणार होती. यावर कोणी म्हणेल, की कलावंताने उपाशीच राहावे का? परवानगीच्या भिंतींनी शेकडो चित्रकारांना पोट भरण्याचे साधन दिले, मुलींना रात्रीच्या अंधारात जीव धोक्यात न घालता काम करण्याची सोय दिली. हा आक्षेप खरा आहे. त्यामुळेच न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह पॉइंट्झ’ या कारखान्याच्या इमारतीचा खटला मला महत्त्वाचा वाटतो. तिथे मालकाच्या संमतीने वर्षानुवर्षे चित्रे काढली जात होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये मालकाने एका रात्रीत ती पांढऱ्या रंगाखाली गाडली. २०१८ मध्ये न्यायालयाने ४५ चित्रांसाठी २१ कलावंतांना ६७ लाख ५० हजार डॉलर देण्याचा आदेश दिला, आणि अपिलातही तो टिकला. भिंत मालकाची असली तरी तिच्यावरच्या चित्राचे काही हक्क चित्रकाराकडे राहतात, हे तिथे कायद्याने मानले. म्हणजे कायदा मालकीपलीकडे पाहू शकतो. तो परवानगीपलीकडेही पाहू शकेल.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. महाराष्ट्रात १९९५ पासून मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध कायदा आहे. मुंबईत २००९ मध्ये तुळशी पाइप रोडची लांबलचक भिंत महापालिकेच्या संमतीने नागरिकांनी रंगवली; २०१४ मध्ये वांद्र्याला टेलिफोन इमारतीवर दादासाहेब फाळके आले, २०१७ मध्ये ससून डॉकच्या प्रकल्पात कोळी माणसांचे चेहरे मोठ्या आकारात झळकले, २०१८ मध्ये चर्चगेट स्थानकावर एदुआर्दो कोब्राने गांधीजी रंगवले. ही कामे शहराची शोभा आहेत. पण परवानगीने आलेल्या चित्रांत सहसा सर्वांना मान्य असलेलेच चेहरे येतात. ज्याच्या झोपडीवर उद्या बुलडोझर येणार आहे त्याचे म्हणणे त्या यादीत बसत नाही. दुसरीकडे वाढदिवसांच्या आणि निवडींच्या फलकबाजीने चौक झाकले जातात. बेकायदा फलकांबाबत उच्च न्यायालयाने वारंवार कान उपटले आहेत. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळात १२० फूट लांबी-रुंदीचा जाहिरातफलक कोसळून १७ माणसे मेली. महापालिकेची मर्यादा ४० फुटांची होती. भिंतीवर कोळशाने लिहिणाऱ्या हाताने कधी कोणाचा जीव घेतला नाही. तरी आपल्या तोंडी ‘विद्रूप’ हा शब्द कोळशासाठी आधी येतो आणि फलकासाठी नंतर.

राहिला सर्वांत साधा आणि सर्वांत सच्चा आक्षेप. ज्या छोट्या दुकानदाराचे शटर रात्रीत रंगवले गेले, त्याने सकाळी साफसफाईचा खर्च का सोसावा? पुराणवास्तूवर कोरणाऱ्या प्रेमवीराला माफ करायचे का? प्रार्थनास्थळावर द्वेषाचे चिन्ह काढणाराही ‘मला दुसरी जागा नव्हती’ म्हणेल, त्याचे काय? सुरुवातीचे दोन प्रश्न इथे उपयोगी पडतात. परवाना नसणे हा काही गुण नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. प्राचीन चित्रावरचा ओरखडा कधीच भरून येत नाही. तिथे शिक्षा हवीच. दुबळ्या शेजाऱ्याला धमकावणारे अक्षर म्हणजे बोलायला जागा नसलेल्याचा आवाज नव्हे. तो दुसऱ्याची जागा हिसकावण्याचा प्रयत्न आहे, आणि तो द्वेषाच्या कायद्याखालीच यावा. दुकानदाराच्या शटरची सफाई शहराने आपल्या खर्चाने करावी, आणि लिहिणारा सापडला तर त्याच्या हाती ब्रश द्यावा. न्यूयॉर्कच्या गाड्या साफसफाईनेच स्वच्छ झाल्या होत्या. मात्र पुलाचा कोरा खांब, रेल्वेची कुंपणभिंत, बंद पडलेल्या गिरणीची हद्द इथे काय गाडले जाते? तिथे प्रत्येक प्रभागात थोडी भिंत अशी असावी, जिच्यावर लिहिण्यासाठी अर्ज करावा लागणार नाही आणि जिच्यावर पैसे भरूनही जाहिरात लावता येणार नाही. आणि इतर ठिकाणचे पुसण्याआधी त्याचा एक फोटो काढून दप्तरी ठेवावा. पॉम्पेईने आणि सिगिरियाने शिकवलेली ही किमान काळजी आहे.

अशा भिंतीवर पुष्कळसे टाकाऊ लिहिले जाईल. पॉम्पेईतही लिहिले गेले होते, आणि त्यावर कुरकुर करणाऱ्यालाही ती कुरकुर भिंतीवरच लिहावीशी वाटली. अजिंठ्यातले स्मिथचे नाव आपण पुसलेले नाही. जिंकणाऱ्या फौजेतल्या एका माणसाने न भरून येणारे नुकसान केले, आणि तेही आता इतिहासाचा भाग म्हणून आपण वाटाड्याकडून ऐकून घेतो. कान्हेरीच्या त्या मोजक्या ओळी नसत्या, तर हजार वर्षांपूर्वी तिथे आलेल्या त्या माणसांची नावे आपल्याला कळलीच नसती. उद्या पुलाखालच्या खांबावर कोणी आपले नाव आणि वस्ती लिहिलेली दिसली, तर चुन्याची बादली उचलण्याआधी आपण एवढे पाहावे, की त्याखाली काही गाडले गेले आहे का, आणि या शहरात त्याला नाव लिहायला दुसरी कोणती जागा आपण ठेवली आहे.